एफटीपी बंद करा म्हणून कंपनीची मेल आलीय. एसएफटीपी, एएस२ की थेट एपीआय? (ट्रान्सपोर्टवाले, गोदामवाले, आयटीवाले सगळ्यांनी बोला)

वाळूज_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात सिस्टिम बघतो. वाळूज, शेंद्रा, चितेगावच्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग उचलायचे आणि चाकण, पिथमपूर, होसूरला पोचवायचे, हे आमचं काम.

आमची सगळ्यात मोठी पार्टी रोज संध्याकाळी एक सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची) तिच्या सर्व्हरवर ठेवते. कोणती गाडी, कोणता डॉक, किती वाजता, किती पेट्या, सगळं त्यात असतं. आमचं सॉफ्टवेअर ती उचलतं आणि त्यावरून ड्रायव्हरला ड्युटी लागते. आमच्याकडून परत तीन गोष्टी जातात: गाडी लागली, गाडी निघाली आणि सही-शिक्क्याच्या पोचपावतीचा स्कॅन. वर्षानुवर्षं हे साध्या एफटीपीवर (फाईल पाठवायची जुनी पद्धत), पोर्ट २१ वर चाललंय.

आता मेल आलीय की तिमाही संपली की एफटीपी बंद. 'सुरक्षित पर्याय निवडा आणि कळवा.'

दुसरं दुखणं त्याहून मोठं आहे. अधूनमधून फाईल अर्धीच येते. शेवटची ओळ मधेच तुटलेली असते आणि तिच्याखालच्या गाड्या आमच्या सिस्टिमला दिसतच नाहीत. तिकडे लाइनवर माल नाही म्हणून आरडाओरडा आणि महिनाअखेरीस आमच्या नावावर डेबिट नोट. ते म्हणतात फाईल टाकली होती, लॉग बघा. आम्ही म्हणतो पूर्ण आली नाही. दोन्ही बाजू खरं बोलतात आणि पैसे आमचे कापले जातात.

काय निवडावं? आणि जे निवडू त्यानं हे अर्ध्या फाईलचं मिटेल का?

पैठणगेट
एसएफटीपी. डोळे झाकून.

रात्रपाळी
डोळे उघडे ठेवून एसएफटीपी 🙂

एफटीपीत युजरनेम, पासवर्ड आणि फाईल तिन्ही उघड्यावर जातात. वाटेत कुणी ऐकत बसलं तर त्याला काही फोडायचीसुद्धा गरज नाही. क्रोमनं २०२१ च्या जानेवारीत एफटीपी काढून टाकलं, फायरफॉक्सनंही त्याच वर्षी. तुमच्या पार्टीला उशिराच जाग आली म्हणायची.

एक गोष्ट मात्र मेलमध्ये नीट वाचा. एसएफटीपी लिहिलंय की एफटीपीएस? नावं जुळ्या भावांसारखी वाटतात, पण घराणं वेगळं. एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, वरून टीएलएसचं कूटलेखन, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये असं आवरण. एसएफटीपी हा एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करायच्या पद्धतीच्या) आत चालणारा वेगळाच प्रोटोकॉल आहे, पोर्ट २२, सगळी वाहतूक एकाच कनेक्शनमधून. इथं गल्लत झाली की दोन्हीकडचे आयटीवाले आठवडाभर 'आमच्याकडून ओके आहे' म्हणत बसतात.

वाळूज_डिस्पॅच
रात्रपाळी दादा, मेलमध्ये एसएफटीपी किंवा एएस२ (वेबवरून फाईल जाते आणि सहीची पावती येते ते) असं आहे. एपीआयचं (दोन सिस्टिमी थेट एकमेकींशी बोलतात ते) 'भविष्यात विचार करू' म्हणलंय.

निळी_वायर
एफटीपीएसला उगाच झोडपू नका. आमच्या बिडकीनच्या गोदामात चालू आहे, त्रास नाही. प्रमाणपत्र नीट घातलं की सुरक्षिततेत काही कमी नाही.

रात्रपाळी
सुरक्षिततेत कमी नाहीच, निळी_वायर. त्रास फायरवॉलचा होतो. एफटीपी दोन कनेक्शनं वापरतं, हुकमाचं एक आणि डेटाचं वेगळं. पॅसिव्ह मोडमध्ये सर्व्हर सांगतो की डेटासाठी अमुक पोर्टवर या. साध्या एफटीपीत फायरवॉल हा संवाद वाचतो आणि तेवढंच पोर्ट उघडून देतो. एफटीपीएसमध्ये संवादच कूटबद्ध, म्हणून फायरवॉलला काही कळत नाही आणि पोर्टांची अख्खी रांग आधीच उघडी ठेवावी लागते. त्यातून सर्व्हर राउटरच्या मागे असेल तर तो आतला खासगी पत्ता सांगून मोकळा होतो. लक्षण ठरलेलं आहे: लॉगिन झटकन होतं आणि फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन गोठते. असं दिसलं की पासवर्ड बदलत बसू नका, डेटा कनेक्शन बघा.

निळी_वायर
हे अगदी खरं. आमच्याकडे पोर्टांची रांग पहिल्याच दिवशी उघडून घेतली होती, म्हणून त्रास झाला नाही. मान्य.

निवृत्त_टेलिकॉम
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कारण मुलांना हे माहीत असावं. एफटीपीचा पहिला मसुदा एका भारतीयानं लिहिलाय. अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, पुढे एमआयटीत गेले. आरएफसी (नेटवर्कचे नियम मांडणारा दस्तऐवज) ११४, एप्रिल १९७१. इंटरनेटचं आजचं रूप तेव्हा नव्हतंच, त्याआधीच्या अर्पानेट या जाळ्यावर मोजके संगणक होते आणि एकमेकांना ओळखणारी माणसं. पासवर्ड चोरणार कोण? आपण आज जे वापरतो ते रूप आरएफसी ९५९ चं, ऑक्टोबर १९८५.

एसएसएचची गोष्ट याच्या उलटी. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपले गेले आणि तातू य्लोनेन या संशोधकानं त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. एकाचा जन्म विश्वासातून, दुसऱ्याचा चोरीतून. म्हणून जुन्याला नावं ठेवताना जरा मान ठेवून ठेवावीत, एवढंच माझं म्हणणं.

पैठणगेट
काका, ही माहिती नव्हती. आयआयटी कानपूर! छान वाटलं वाचून.

मोंढ्यातला_माणूस
लातूरहून रामराम. आमचं डाळ आणि सोयाबीन तेलाचं. प्रोटोकॉलचं तुम्ही ठरवा, पण माझं एक ऐका. फाईल कुणाला एक्सेलमध्ये उघडू देऊ नका.

ई-वे बिलाचा नंबर १२ आकडी. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल तो नंबर १.२३ ई अधिक ११ असा दाखवतं. एखाद्याला वाटतं रकाना रुंद करतो आणि सेव्ह करतो. सेव्ह झालं की संपलं, मागचे आकडे गेले. पिनकोडला काही होत नाही, पण शून्यानं सुरू होणारे पार्टी कोड आणि बॅच नंबर यांचं पुढचं शून्य उडतं. मग समोरची सिस्टिम म्हणते ई-वे बिल सापडत नाही आणि इकडं गाडी उभी. आमच्याकडं आता नियम केलाय: बघायची असेल तर नोटपॅडमध्ये बघा, नाहीतर एक्सेलात 'डेटा' मधून आणा आणि तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून निवडा.

आंबाजोगाईकर
मोंढेवाल्या दादांच्या पायाशी बसावं असं वाटायलंय. आमच्या ऑफिसात हे रोज चालू आहे आणि दोष सर्व्हरला देतात.

शेंद्रा_एसएपी
मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे फाईल टाकणाऱ्या कंपनीत. वाळूज_डिस्पॅच, तुमच्या मूळ दुखण्यावर बोलतो, कारण त्यावर अजून कुणी आलं नाही.

अर्ध्या फाईलचं दुखणं नुसत्या एसएफटीपीनं जाणार नाही. एएस२ नं कदाचित जाईल, पण त्यासाठी एएस२ घ्यायची गरज नाही. होतं काय ते बघा. आमची सिस्टिम फाईल चढवायला लागते, तेव्हा पहिला बाइट पडला की फोल्डरमध्ये नाव दिसायला लागतं. तुमचं सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी फोल्डर बघतं. नाव दिसलं की उचलतं. तेवढ्यात चढवणं चालूच असेल तर तुमच्या हाती जेवढं चढलं तेवढंच येतं. आमच्या लॉगमध्ये फाईल पूर्ण गेल्याची नोंद असते आणि तीही खरीच असते, कारण पुढच्या क्षणी ती पूर्ण झालेली असते. वर तुमचं सॉफ्टवेअर उचलल्यावर फाईल आर्काइव्हमध्ये हलवत असेल तर पुरावाही गेला.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे. टाकणाऱ्यानं फाईल आधी तात्पुरत्या नावानं चढवायची, शेवटी टीएमपी लावून. पूर्ण चढली की नाव बदलायचं. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धं नाव बदललं असं नसतं. तुम्ही फक्त सीएसव्ही नावाच्या फाईली उचलायच्या. पार्टीला नाव बदलणं जमत नसेल तर फाईलनंतर एक रिकामी खूणफाईल टाकायला सांगा, ती दिसेपर्यंत तुम्ही हात लावायचा नाही. विनएससीपी हा फाईल चढवायचा प्रोग्राम १०० केबीच्या वरच्या फाईलींना एसएफटीपीवर आपोआप तात्पुरतं नाव देतं. तुमच्या फाईली त्याहून लहान असतील, म्हणून सेटिंग स्वतः बदलून घ्या.

नावात तारीख, वेळ आणि अनुक्रमांक असावेत. नेहमीच्या एसएफटीपीत त्या नावाची फाईल आधीच असली तर नाव बदलायला नकार मिळतो आणि तात्पुरती फाईल तशीच पडून राहते.

वाळूज_डिस्पॅच
शेंद्रा_एसएपी सर, हे वाचून जिवात जीव आला. आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो की फाईलचा आकार दोन मिनिटं बदलला नाही तर पूर्ण झाली असं समजू. चालेल का?

शेंद्रा_एसएपी
पार्टी काहीच बदलायला तयार नसेल तर दुसरा इलाज नाही म्हणून चालवा. पण नेटची लाइन मधेच अडकली तर आकार दोन मिनिटं काय, दहा मिनिटंही बदलत नाही.

म्हणून फाईलीच्या शेवटी एक बेरजेची ओळ मागा: एकूण ओळी किती, एकूण पेट्या किती. तुमच्या सिस्टिमनं स्वतः मोजायचं आणि जुळलं तरच फाईल घ्यायची. एडिफॅक्टमध्ये (व्यापारी संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मांडणीत) हे आधीपासून आहे, प्रत्येक संदेशाच्या शेवटी यूएनटी नावाचा भाग असतो आणि त्यात संदेशातल्या एकूण भागांची मोजणी असते. सीएसव्ही वापरणारे लोक तेवढंच नेमकं विसरतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी माझ्या कंपनीतही कानीकपाळी ओरडून सांगतो. तुम्ही ट्रान्सपोर्टवाले. सही-शिक्क्याची पोच आल्याशिवाय तुम्हाला भाडं मिळत नाही, बरोबर? ड्रायव्हर म्हणाला माल उतरवला, म्हणून कुणी पैसे देत नाही. मग फाईलच्या बाबतीत नुसत्या लॉगवर दोन्ही बाजू कशा काय विश्वास ठेवतात? तुमच्या सिस्टिमनं फाईल वाचली, मोजणी जुळली, इतक्या ओळी घेतल्या, इतक्या नाकारल्या आणि का नाकारल्या, अशी पोचेची फाईल परत टाका. ठरल्या वेळेत ती आली नाही तर अलार्म वाजायला हवा तो फाईल टाकणाऱ्याकडे. डेबिट नोटचं भांडण तिथंच मिटतं.

जालना_सळई
वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन, आणि त्यातच एएस२ चं उत्तर आहे.

आमच्या एका परदेशी गिऱ्हाइकासाठी आम्ही एएस२ वापरतो. एचटीटीपीवरून फाईल जाते, सही केलेली आणि कूटबद्ध, आणि समोरून एमडीएन नावाची सही केलेली पावती येते. आरएफसी ४१३०, २००५ सालचा. 'आम्हाला मिळालीच नाही' हे वाक्य त्यानंतर कुणाला बोलता येत नाही. पण एमडीएन म्हणजे पाकीट फोडलं, सही तपासली, इथपर्यंतच. आतला पार्टी कोड चुकीचा असेल तरी एमडीएन गोडच येते. आतलं बरोबर आहे का, यासाठी वेगळा संदेश लागतो: एक्स१२ मध्ये (व्यापारी संदेशांच्या अमेरिकी मांडणीत) ९९७, एडिफॅक्टमध्ये कंट्रोल. पण तेही रचना आणि वाक्यरचनेपुरतंच बोलतात, ऑर्डर आमच्या सिस्टिममध्ये बसली की नाही ते त्याच्याही पुढचं.

एएस२ चा ताप दोन गोष्टींचा. प्रमाणपत्राची मुदत संपते, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी नवं लावावं लागतं आणि ते हमखास सणासुदीत येतं. दुसरं, तुमचा सर्व्हर बाहेरून चोवीस तास गाठता आला पाहिजे. वाळूजमधल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसाला हा खर्च आणि कटकट परवडायची नाही असं मला वाटतं. एसएफटीपी आणि तुमची स्वतःची पोचफाईल, बास.

परभणीची_मुलगी
मला थोडं विरोधात बोलायचंय. आपण अजून फोल्डरमध्ये फाईल पडायची वाट बघत बसतो, हेच मुळात का? एपीआय घ्या. गाडी डॉकला लागली की त्याच क्षणी समोर नोंद. चूक असेल तर त्याच उत्तरात कळतं, वेगळ्या पोचेची गरज नाही. सरकारनंही तोच रस्ता धरलाय. १७ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर युलिप हा सरकारी मंच आला, त्यातून वाहन (गाड्यांची नोंद), सारथी (लायसन्स), फास्टॅग अशा सिस्टिमींची माहिती एपीआयनं घेता येते. गाडीनं कोणता टोल कधी ओलांडला ते फास्टॅगवरून कळतं. समृद्धीवर गाडी कुठंय हे ड्रायव्हरला फोन करून विचारायचे दिवस गेले.

आंबाजोगाईकर
ताई, गाडी कुठंय यासाठी एपीआय, मान्यच. पण दुपारी लाइट गेली, राउटर बंद, तेव्हा काय? फाईल सर्व्हरवर शांत पडून राहते, लाइट आली की आपण उचलतो. एपीआयला दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या लागतात.

परभणीची_मुलगी
त्यासाठी रांग ठेवतात, दादा. पाठवता आलं नाही तर संदेश आपल्याकडे थांबतो आणि परत परत प्रयत्न होतो. प्रत्येक संदेशाला कायमचा क्रमांक दिला की दोनदा गेला तरी समोर एकदाच नोंदवला जातो. अर्थात हे सगळं नीट लिहिणारा माणूस हवा, हे तुमचं बरोबर. छोट्या ऑफिसात तो नसतो.

शेंद्रा_एसएपी
परभणीच्या ताईंचं आणि आंबाजोगाईकरांचं दोघांचंही बरोबर आहे. रात्रीचा पूर्ण प्लॅन, शेकडो ओळी एकदम, त्याला फाईल चांगली. क्षणाक्षणाचं स्टेटस, त्याला एपीआय. आमच्याकडे दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

गोदाकाठ
थोडं विषयांतर. पैठणहून लिहितेय, आमचं छोटं गोदाम आहे. पोचेचे स्कॅन एफटीपीनं पाठवले की पीडीएफ उघडतच नाही, 'फाईल खराब आहे' म्हणतं. इथून बघितलं तर चांगली दिसते. आणि गावांची नावं मराठीत टाकली की तिकडं नुसती प्रश्नचिन्हं.

रात्रपाळी
गोदाकाठ ताई, पहिलं म्हणजे ट्रान्सफर मोड. तुमचा प्रोग्राम आस्की मोडमध्ये पाठवत असणार. त्या मोडमध्ये ओळ संपल्याची खूण वाटेत बदलली जाते. मजकुराला ते चालतं, पीडीएफला आणि फोटोला मारून टाकतं. बायनरी मोड लावा. दोन्हीकडच्या फाईलींचे बाइट ताडून बघा, थोडा फरक दिसला तर हेच कारण. एसएफटीपीवर गेलात की बहुतेक ठिकाणी हा प्रश्नच राहत नाही, तिथं फाईल आहे तशी जाते.

प्रश्नचिन्हं म्हणजे कुठंतरी फाईल युटीएफ-८ मध्ये (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं टिकवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह होत नाहीये. एकदा प्रश्नचिन्ह होऊन गेलं की मूळ अक्षर परत येत नाही, म्हणून सुरुवातीच्या टोकाला दुरुस्त करा.

गोदाकाठ
बायनरी केलं, उघडली!! मनापासून आभार.

खडकेश्वर_कट्टा
एक सूचना माझ्याकडून. सर्व्हर कुठल्या वेळेवर चालतो ते विचारून घ्या. क्लाउडवरचे बरेच सर्व्हर युटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असतात. आपल्याकडे रात्री २ वाजता टाकलेल्या फाईलच्या नावात आदल्या दिवसाची तारीख पडते, कारण तिथं तेव्हा रात्रीचे साडेआठ असतात. सकाळी साडेपाचपर्यंत हा घोळ चालू. 'आजची फाईल उचल' असं लिहिलेला प्रोग्राम रात्रपाळीच्या गाड्या सोडून देतो.

रात्रपाळी
माझ्या नावाचा अपमान करणारा सर्व्हर 😄 पण सूचना लाखमोलाची.

निळी_वायर
वाळूज_डिस्पॅच, एसएफटीपी करताना पासवर्ड नको, की-जोडी (खासगी आणि सार्वजनिक अशा दोन डिजिटल किल्ल्या) वापरा, ईडी२५५१९ प्रकारची. खासगी की तुमच्याच मशीनवर बनवा आणि फक्त सार्वजनिक की पार्टीला पाठवा. काही ठिकाणी पार्टीचाच माणूस दोन्ही बनवून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ती घेऊच नका. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या कीचा ठसा दिसतो, तो पार्टीला फोन करून ताडून घ्या. पुढे कधी 'होस्ट की बदलली' अशी सूचना आली तर घाईत होय दाबू नका, आधी फोन. तुमचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर एक अडचण येऊ शकते. ओपनएसएसएच (सर्व्हरवरचं एसएसएचचं सॉफ्टवेअर) ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, शा-१ या जुन्या पद्धतीची आरएसए सही मुळात बंद असते. की बरोबर असूनही सर्व्हर नकार देतो. तेव्हा क्लायंट अपडेट करा, सर्व्हरला जुनं चालू करायला लावू नका.

जालना_सळई
आणि उचललेल्या फाईली सर्व्हरवर साठवू नका. मे २०२३ मध्ये मूव्हइट नावाच्या फाईल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून क्लॉप टोळीनं जगभरच्या संस्थांचा डेटा नेला. वाटेतलं कूटलेखन तिथं काही कामाचं नव्हतं, कारण फाईली सर्व्हरवर पडून होत्या. उचलली, पोच दिली, मग आपल्या आतल्या आर्काइव्हमध्ये. बाहेरच्या सर्व्हरवर काही ठेवायचं नाही.

वाळूज_डिस्पॅच
सगळ्यांचे आभार. साहेबांशी बोललो. एसएफटीपी कळवतोय, की-जोडीसह. सोबत पार्टीकडे तीन मागण्या लेखी देतोय: चढवताना तात्पुरतं नाव, शेवटी बेरजेची ओळ, आणि आमची पोचफाईल ठरल्या वेळेत आली नाही तर त्यांच्याकडं अलार्म. डेबिट नोट लावायची तर त्या दिवशीची पोचफाईल बघूनच लावायची, हेही करारात घाला म्हणणार. शेवटच्याला ते तयार होतील का शंका आहे. शेंद्रा_एसएपी सर, तुमच्या बाजूला हे कसं मांडलं तर मानतात?

शेंद्रा_एसएपी
परचेसकडे जाऊ नका, ते डेबिट नोट सोडणार नाहीत. प्लांटच्या लॉजिस्टिक्सवाल्याकडे जा. लाइन थांबली की सगळ्यात आधी त्याला फोन येतो, त्यामुळे रात्री आठला अलार्म वाजावा अशी इच्छा त्याचीच जास्त असते. मागचा अर्ध्या फाईलचा एक दिवस घ्या, तुमच्याकडे आलेली फाईल आणि त्यांच्याकडची पूर्ण फाईल शेजारी शेजारी छापा, तुटलेल्या ओळीवर खूण करा. एक कागद पुरे. त्यावर तो सही देतो आणि मग परचेस मुकाट्यानं करारात घालतं.

मोंढ्यातला_माणूस
फक्त ती फाईल छापायला एक्सेलमध्ये उघडू नका म्हणजे झालं.

वाळूज_डिस्पॅच
नाही दादा, नोटपॅडमधूनच छापतो. आर्काइव्हमध्ये मागच्या महिन्याची एक सापडलीय, ओळ गाडीनंबरच्या मधेच तुटलेली. त्यांच्याकडची पूर्ण फाईल मागवलीय.